भारतभर चालणारा दाखला

आमच्या डायनिंग टेबलावर दोन वर्षं कुणी धड जेवलं नाही. त्यावर दोन पोरींचा संसार होता, एक माझी लेक आणि एक शेजारणीची. बायोलॉजीची जाडजूड पुस्तकं, रंगीत पेनं, अर्धवट खाल्लेली बिस्किटं, आणि गाईच्या पोटाचे चार कप्पे दाखवणारं एक चित्र, जे वरणाच्या वाटीखाली गेलं म्हणून मी एकदा बोलणी खाल्ली. आम्ही नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर बसायचो. मी चिडायची. "अगं माय, एक कोपरा तरी सोडा! आम्ही काय पाहुणे आहोत का या घरात?" दोघी खिदळायच्या आणि पुस्तकं बोटभर सरकवायच्या. आता ते टेबल लख्ख पुसलेलं असतं, आणि मला ते बघवत नाही.

दोघींनाही जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. याला कारण आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटवरची लंगडी कुत्री. तिच्या पायाला या दोघींनी आठवीत असताना पट्टी बांधली होती, ती इतकी वाईट बांधली की खऱ्या डॉक्टरांना ती कापून काढावी लागली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दोघींना बसवून नीट शिकवलं. तेव्हापासून पोरींनी एकच धोशा लावला: बंगळूरचं सरकारी व्हेटर्नरी कॉलेज. बाकी काही नको. माझी लेक तीन वर्षांची असताना आम्ही नागपूर सोडलं. नवऱ्याला होसकोट्याच्या कारखान्यात नोकरी लागली, मी इथं सर्जापूर रोडला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. तिला नागपूर म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी आणि आजोबा. बाकी तिचं सगळं बंगळूरचं.

शेजारीण पुण्याची. पहिल्यांदा भेटली ती लिफ्टमध्ये. आपल्या पोरीला "नाकात बोट घालू नकोस, लोक बघतात" असं खुशाल मोठ्यानं सांगत होती, कारण लिफ्टमध्ये मराठी कुणाला कळणार? मी म्हटलं, "बघतात नाही, ऐकतात पण." ती अशी लाजली, आणि मग अशी हसली, की मजला आला तरी आम्ही उतरलोच नाही. त्या दिवसापासून सात वर्षं. माझ्या 'हौ ना'ची ती नक्कल करायची, तिच्या 'असू दे, असू दे'ची मी. माझे तर्रीपोहे खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. मला ताप आला तेव्हा तीन दिवस तिच्याकडून डबा आला. रोज संध्याकाळी आम्ही सोसायटीजवळच्या तळ्याभोवती फेऱ्या मारायचो आणि जगातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायचो.

फक्त एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. आमची जात.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. ती पाहून शेजारीण पहिल्याच दिवशी म्हणाली, "किती छान! कुठून घेतलीस? माझ्याकडे अशीच आहे, बाल्कनीत, मनी प्लांटच्या शेजारी." आता काय बोलणार? सर्जापूर रोडला प्रत्येक फ्लॅटमध्ये एक बुद्ध असतो. दुसरी तसबीर, जी नागपुरात आमच्या लोकांच्या घरी समोरच्याच खोलीत असते, ती आम्ही बेडरूममध्ये लावली होती. नवरा म्हणायचा, बाहेर लाव. मी म्हणायची, लावू सवडीनं. मला लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती. नागपूरच्या हॉस्टेलात माझ्या खोलीतल्या मुलींनी पहिल्या आठवड्यात माझं नाव 'कोटा' ठेवलं होतं. चार वर्षं मला कुणी नावानं हाक मारली नाही. ते पुन्हा नको होतं.

आणि शेजारीण फेऱ्या मारताना म्हणायची, "आपल्या पोरींचं अवघड आहे गं. आपण पडलो ओपनवाले. यांनी रात्रंदिवस मरायचं, आणि जागा खाणार दुसरेच." 'आपण' म्हणायची. त्या 'आपण'मध्ये मला ती इतक्या प्रेमानं ओढून घ्यायची की नाही म्हणायला तोंडच उघडायचं नाही. मी म्हणायची, "बघ ना, तळ्यावर आज बगळे किती." माझी लेक मात्र विचारायची, "आई, तू काकूला सांगत का नाहीस?" तिला सगळं माहीत होतं आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. हीच तर गंमत, मी तिला न घाबरणारी वाढवली आणि स्वतः घाबरत राहिले.

तिकडे नागपुरात माझे सासरे कामाला लागले होते. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. पोस्टात जन्म गेला त्यांचा. कागद म्हटला की माणूस तरतरीत होतो. महाराष्ट्रात नुसता जातीचा दाखला पुरत नाही, तो खरा आहे याची पडताळणी लागते. व्हॅलिडिटी म्हणतात तिला, आणि ती हातात आली की घरात पेढे वाटतात. तर मामाजींनी नातीचा दाखला काढला, तिच्या बापाची व्हॅलिडिटी शोधली, आणि पंचाहत्तरी उलटलेला हा माणूस एसटीनं गावी जाऊन स्वतःच्या वडिलांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा साहेबाच्या सहीनं घेऊन आला. शाळेचा शिपाई म्हणाला, उद्या या. हे तिथंच व्हरांड्यात बसून राहिले. सगळे कागद रजिस्टर्ड पोस्टानं आमच्याकडे आले. वर त्यांच्या सुरेख अक्षरात यादी: कागद पहिला, कागद दुसरा. फोनवर म्हणाले, "सूनबाई, कागद पक्का हाये. याच्यापुढं कोनाची बिशाद नाही बोलायची."

माझाही तसाच समज. व्हॅलिडिटी हातात असलेला महाराष्ट्रातला माणूस कुणाच्या बापाला भीत नाही. पण तो कागद कर्नाटकात कुणी विचारतं का, हे आमच्या खानदानात कुणी विचारलं नव्हतं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते, आणि ही एवढी मोठी चूक माझ्या नाकासमोर बसली होती.

कागद तपासायच्या दिवशी आम्ही चौघी एकाच गाडीनं गेलो. मी मनात ठरवलं होतं, रांगेत काहीतरी निमित्त काढून शेजारणीला मागं ठेवायचं. पण ती कसली मागं राहते! माझ्या पाठीला लागूनच उभी. टेबलामागचा माणूस वयस्कर होता, शांत. त्यानं मामाजींचे कागद एकेक करून पाहिले, आदरानं पाहिले हे सांगायला हवं, आणि परत माझ्याकडे सरकवले. "महाराष्ट्र एस्सी. इदु इल्ली नडेयल्ला." इथं चालत नाही. मला कन्नड कामापुरतं येतं, तेवढं नेमकं कळलं. मागं उभ्या असलेल्या शेजारणीलाही कळलं.

मी हिंदीत भांडायला लागले. तो म्हणाला, "मॅडम, ये ऑल इंडिया में चलेगा. इधर की सीट पे नहीं चलेगा." देशभरातल्या सरकारी कॉलेजांत थोड्या जागा केंद्राच्या असतात, त्यांना हा दाखला चालतो. राज्याच्या जागांना राज्याचाच लागतो. मग माझ्या लेकीनं तिच्या झकास कन्नडमध्ये त्याला विचारलं, सर, मी पहिलीपासून इथंच शिकले, मग? तो हसला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला की तू इथलीच गं अम्मा, पण तुझी जात इथली नाही.

अरे बापा! भारतभर चालणारा दाखला, आणि जिथं पोरगी वाढली त्या गावात चालत नाही. जात म्हणे नागपूरलाच राहिली. हॉस्टेलात यायला, ऑफिसच्या डब्यात यायला, घर भाड्यानं घेताना दारात उभी राहायला तिला कुठला दाखला लागतो? आणि एकदा, एकाच ठिकाणी, आम्ही तिला कामाला बोलावलं तर ती म्हणे हद्दीबाहेर! मी पुन्हा भांडायला तोंड उघडलं. लेक म्हणाली, "सरी सर," ठीक आहे सर, आणि शांतपणे ओपनच्या रकान्यात सही केली.

परतताना सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा शेजारणीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "अगं, आम्ही तसलं काही मानत नाही हं." मी म्हटलं, "उपकार झाले." ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यायचा माझा स्वभाव नाही. मागच्या सीटवर दोघी पोरी एकाच इयरफोनचे दोन बोळे कानात घालून गाणं ऐकत होत्या.

मामाजींना मी यातलं काही कळवलं नाही. ते दर दोन दिवसांनी विचारायचे, "दाखवला का कागद?" मी म्हणायची, "दाखवला, मामाजी." खोटं नव्हतंच ते.

मग याद्या लागल्या. पहिल्या यादीत दोघींची नावं नाहीत. त्या आठवड्यात आमच्या घरात टाचणी पडली तरी सगळे दचकायचे. दुसऱ्या यादीत माझ्या लेकीला बंगळूरचं कॉलेज मिळालं, ओपनमधून, शेवटच्या शेवटच्या जागांपैकी एक. शेजारणीच्या पोरीचं नाव नव्हतं. मार्कांत फरक अगदी थोडा. हिशोब लावून पाहिला तर ती बरोब्बर पुढच्या नंबरावर होती. कुणी एकीनं जागा सोडली तर तिचा नंबर, नाही तर नाही. आणि दोनच दिवसांनी केंद्राची यादी आली. तिच्यात माझ्या लेकीला मामाजींच्या दाखल्यावर उत्तरेकडच्या एका गावातलं कॉलेज मिळालं, रेल्वेनं दोन दिवसांच्या वाटेवर. आम्ही त्याचा विचारही केला नाही. घराजवळचं हवं ते मिळालं होतं, लांबचं कशाला?

रविवारी दुपारी शेजारीण आली. हातात साबुदाण्याच्या वड्यांचा डबा. माझी लेक आत झोपली होती, निदान मला तसं वाटलं. शेजारीण टेबलाशी बसली, डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तुझ्या लेकीला दोन्हीकडे मिळालंय. ती तिकडे गेली तर इकडची जागा सुटेल. मग माझीचा नंबर लागेल." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुमच्याकडे तो दाखला आहे गं. तुम्हाला दुसरी वाट आहे. माझ्या पोरीला नाहीये."

मला आधी ऐकू आलं तेच खरं वाटेना. मग डोक्यात असा जाळ झाला! "सात वर्षं तुझ्याकडून ऐकतेय, जागा खातात, जागा खातात. आणि आज वडे घेऊन आलीस सांगायला, की खा बाई, पण लांब जाऊन खा?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. माझी पोरगी तुझ्या पोरीच्या पुढं आहे. त्यांच्याच यादीत, तुमच्या ओपनमध्ये, स्वतःच्या मार्कांनी. तरी घर तिनंच सोडायचं. का, तर तिच्याकडे दाखला आहे!"

ती रडायला लागली. ओढणी तोंडाशी धरून, आवाज न करता. "मला कळतंय मी काय मागतेय. पण ती दोन दिवस जेवली नाहीये. आई आहे मी." मला तिला जवळ घ्यावंसंही वाटलं आणि दाराबाहेर काढावंसंही. मी दोन्ही केलं नाही. ती उठून गेली, डबा तसाच राहिला.

संध्याकाळी मी मामाजींना फोन लावला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. दाखला इथं चालला नाही, पोरगी ओपनमधून लागली, आणि शेजारीण काय मागून गेली. ते म्हणाले, "पोरीले आत घ्यावं म्हून आनला तो कागद म्या. घरातून काढावं म्हून नाही आनला." मग म्हणाले, "ओपनमधून लागली, खूप झालं. पन तू तो कागद टाकू नको हो, सूनबाई. परत पाठव. तिच्या लेकरायले लागन." तेव्हा मात्र मी फोन ठेवून ढसाढसा रडले.

लेक झोपलेली नव्हतीच. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि मला न सांगता खाली मागच्या गेटवर मैत्रिणीला भेटून आली होती. आली ती चप्पल न काढता सरळ माझ्यासमोर. "आई, मी जाणार होते."

"कुठं जाणार होतीस?" माझा आवाज चढला.

"तिकडे. लांबच्या कॉलेजात. मी तिला तेच सांगायला गेले. म्हटलं, तू घे इथली जागा. तर ती म्हणाली, तू गेलीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. तुझ्या जागेवर बसून मी पाच वर्षं शिकायचं, आणि रोज तुझी आठवण काढायची? वेडी आहेस का?" एवढं बोलून माझी पोरगी खाली मान घालून उभी राहिली. "ती फार रडत होती, आई. पण ती नाहीच म्हणाली."

लेकीनं बंगळूरचीच जागा घेतली. कॉलेजात हजर व्हायच्या दिवशी मूळ कागदांची फाईल छातीशी धरून तिच्याबरोबर कोण उभं होतं? ती मैत्रीण. मी ऑफिसातून सुट्टी काढून गेले होते, तर दोघींनी मला झाडाखाली बसवलं, म्हणाल्या, तू भांडशील. तिसऱ्या यादीत एकही जागा सुटली नाही. मैत्रिणीनं पुण्याला बी.एस्सी.ला नाव घातलं, आजीच्या घरी राहून. शेजारीण आणि मी लिफ्टमध्ये भेटलो तर आकडे बघायचो, बारा, अकरा, दहा. फेऱ्या बंद. मी एकटी तळ्यावर गेले दोन-तीनदा, पण तोंडात मूग धरून चालणं मला जमत नाही.

वर्षभरानं शेजारणीच्या नवऱ्यानंही पुण्याला बदली मागून घेतली. सामान बांधायला सुरुवात झाली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. राग होताच, तो गेला नव्हता. पण या शहरात जिच्याशी मी माझ्या भाषेत पोटभर हसले, अशी ती एकच बाई होती. ट्रकमध्ये कपाटं चढली त्या सकाळी मी तर्रीपोहे केले आणि पातेलंच घेऊन तिच्या रिकाम्या हॉलमध्ये गेले. खुर्च्या गेलेल्या. आम्ही फरशीवर भिंतीला टेकून बसलो. तिनं खाल्ले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिखटाचं आहे असं दोघींनी धरून चालायचं ठरवलं.

मग तीच बोलली. "मी त्या दिवशी आले ते चुकलं माझं. पण एक विचारू? माझ्या जागी तू असतीस, तर तू आली असतीस माझ्याकडे?"

नाही म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. किती बरं वाटलं असतं! पण मला तो याद्यांचा आठवडा आठवला, लेक भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ज्या कुणाचं नाव तिच्या वर आहे त्याला लागतील तेवढे तळतळाट देत होते.

"आले असते," मी म्हटलं. "उंबरठ्यावर बसून राहिले असते तुझ्या."

तिनं दुसऱ्यांदा पोहे वाढून घेतले. मी विचारलं, "आणि तुझ्या पोरीकडे दाखला असता, तर माझ्या लेकीसाठी तू तिला लांब पाठवली असतीस?"

तिनं विचार केला. खरोखरच केला, मला दिसत होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "आणि तू मला बोललीस त्याच्या दुप्पट मी तुला बोलले असते."

आठ वर्षांत आम्ही एकमेकींशी इतकं खरं कधी बोललो नव्हतो, आणि खाली ट्रक निघायला तयार होता.